सही करण्याआधी अर्थिंग मोजा : सांगली-मिरजेतल्या वायरमन आणि विद्युत ठेकेदारांना खुलं पत्र

सांगली, मिरज आणि कुपवाडमधल्या सर्व वायरमन मित्रांना आणि परवानाधारक विद्युत ठेकेदारांना,

सप्रेम नमस्कार.

मे महिना सरत आला की तुमच्यामागं कामांचा लकडा लागतो. वळवाच्या पहिल्या पावसात कुणाच्या भिंतीला करंट येतो, कुणाचा मेन स्विच ठिणग्या टाकतो, कुणाला वास्तुशांतीच्या आधी घरात लाइट हवी असते. या गडबडीतच हे पत्र वाचायला थोडा वेळ काढा, ही विनंती. वायरमन ट्रेड शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. तुमच्यातले कितीतरी जण माझ्या वर्कशॉपमधून बाहेर पडलेत, म्हणून हक्कानं लिहितोय.

मागणी एकच आहे. ज्या घराचं अर्थिंग तुम्ही स्वतः मोजलेलं नाही आणि ज्या घरातला आरसीसीबी (करंटची गळती होताच सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप होताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्या घराच्या टेस्ट रिपोर्टवर सही करू नका.

ही सही किती महत्त्वाची आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. नवीन जोडणी मागताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरच्या पुढं जे काही आहे ते ग्राहकाचं. साध्या घरगुती जोडणीसाठी विद्युत निरीक्षक घरोघर येत नाहीत. म्हणजे त्या घराची वायरिंग माणसांना सुरक्षित आहे का, हे बघणारा एकमेव जाणकार डोळा तुमचा. आणि आज होतं काय? घर न बघताच फॉर्म भरला जातो, अर्थ रेझिस्टन्सच्या रकान्यात ठरलेला आकडा पडतो, खाली शिक्का बसतो. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) गळ्यात अडकवून खोली-खोली फिरणारे ठेकेदार या शहरात आहेत, त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण न बघता मिळणारी सही किती सहज मिळते, हे आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

खणभागातल्या एका घरात मध्यंतरी गेलो होतो. वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून त्या घरातल्या काकी चप्पल घालून मशीनमधले कपडे काढायच्या. पुढं पाटही ठेवलेला. एका वायरमननं येऊन ते ‘नीट’ करून दिलं होतं आणि झिणझिण्या थांबल्याही होत्या. मी सॉकेटची प्लेट खोलली. अर्थची हिरवी वायर पाइपातून आलीच नव्हती. सॉकेटच्या न्यूट्रलच्या स्क्रूतून दोन बोटांएवढा काळ्या वायरचा तुकडा काढून वरच्या अर्थच्या पिनला जोडला होता. न्यूट्रलवरून अर्थिंग.

हे काम करणाऱ्याला नेमकं काय केलं ते कळलं असतं, तर त्याचा हात धजावला नसता. मशीनच्या आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळं, अर्थिंग नसलं की बॉडीवर निम्म्या व्होल्टेजचा बारीकसा करंट येतो. त्याच झिणझिण्या. त्रासदायक, पण सहसा जीवघेण्या नाहीत. न्यूट्रल जोडला की त्या थांबतात आणि घरातले निर्धास्त होतात. आता समजा मीटर बोर्डावरचा न्यूट्रलचा जॉइंट सैल झाला किंवा पावसात गंजून सुटला. घरात कुठंतरी एक दिवा चालू आहे. फेज त्या दिव्यातून न्यूट्रलवर येतो, न्यूट्रलमधून त्या तुकड्यावर आणि तिथून मशीनच्या पत्र्यावर. मशीनचं बटण बंद असलं तरी पत्रा पूर्ण २३० व्होल्टला, कारण बटण फक्त फेज तोडतं. एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा स्विच) शांत बसलेला असतो. त्या घरातला न्यूट्रल तोपर्यंत शाबूत होता, म्हणून काकी शाबूत होत्या.

आणि ही चोरी साध्या तपासणीत सापडत नाही. फेज आणि अर्थच्या मध्ये टेस्ट लॅम्प धरला तर तो लख्ख लागतो, कारण त्याला न्यूट्रल मिळालेलाच असतो. टेस्टर तर फेज सोडून काहीच सांगत नाही. खरी तपासणी अशी: डबल पोल मेन स्विच पाडा, घरातली सगळी उपकरणं सॉकेटमधून काढा आणि मल्टिमीटरनं प्रत्येक सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये कंटिन्युइटी बघा. बीप वाजली की समजा, कुठंतरी तुकडा आहे. एका घराला किती वेळ लागतो याला? चहा होईपर्यंत होतं.

आता एमसीबीबद्दल. ‘साहेब, सगळीकडं एमसीबी टाकलेत, आता काळजी नाही,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकलं तरी पोटात गोळा येतो. एमसीबी वायर वाचवतो. माणूस वाचवणं हे त्याचं काम नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलीअँपिअर. माणसाच्या अंगातून १०-१५ मिलीअँपिअर गेले तरी मूठ आवळते आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ३० च्या पुढचा करंट थोडा वेळ टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या अंगाचा रोध १,००० ओहम धरा. २३० व्होल्टला २३० मिलीअँपिअर होतात. माणूस मरायला हे भरपूर आहे आणि एमसीबीच्या लेखी हा जेमतेम ५० वॉटचा एक दिवा. तो ट्रिप कशाला होईल?

‘पण अर्थिंग चांगलं असलं की एमसीबी पडतोच की,’ असं तुमच्यातले अनुभवी म्हणतील. कागद घ्या. गिझरची कॉइल फुटली आणि फेज टाकीला लागला. घराच्या अर्थिंगचा रोध २० ओहम, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलच्या अर्थिंगचा ५ ओहम धरा. एकूण २५. २३० भागिले २५ म्हणजे ९.२ अँपिअर. १६ चा एमसीबी हे तासन्‌तास सोसतो. तेवढा वेळ गिझरच्या टाकीवर, नळावर, शॉवरवर किती व्होल्ट? ९.२ गुणिले २० म्हणजे १८४. अर्थिंग आहे, एमसीबी आहे आणि तरीही आंघोळीला गेलेला माणूस १८४ व्होल्टच्या नळाला हात लावतो. याच घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असता, तर गळती सुरू होताच, कुणी आंघोळीला जायच्या आत सप्लाय तुटला असता. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो बघत असतो. फरक पडला की सेकंदाच्या काही अंशात तोडतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत घरगुती वापरासाठी ही ३० मिलीअँपिअरची मर्यादा घातलेली आहे, २०२३ च्या नव्या विनियमांतही ती आहे. म्हणजे मी माझ्या पदरचं काही सांगत नाही. तरी नवीन बांधलेल्या घरांत आजही डीबीमध्ये (सगळे एमसीबी असतात त्या पेटीत) आरसीसीबीची जागा कोरी दिसते. कुठं १०० मिलीअँपिअरचा टाकलेला असतो, कारण तो ‘सारखा पडत नाही’. ३०० चा तर मुख्यतः आग टाळण्यासाठी असतो, घरात माणसाच्या रक्षणाला तो कामाचा नाही. खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्या.

सारखा पडतो म्हणून बायपास केलेले आरसीसीबी मी जितके पाहिलेत, तितके चालू पाहिले नाहीत. तो पडतो तेव्हा काहीतरी सांगत असतो, आणि आपण त्याचंच तोंड बांधतो. कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात. एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमधून उचललेला असतो. इन्व्हर्टर बसवताना त्याचा न्यूट्रल आरसीसीबीच्या अलीकडून घेतलेला आणि लोडचा पलीकडून गेलेला. बाथरूमच्या भिंतीतल्या पाइपात ओल. जुन्या गिझरची कॉइल. आणि तो मघाचा काळा तुकडा: खरं अर्थिंग आणि न्यूट्रल जोडले गेले की आरसीसीबी टिकतच नाही.

दोष शोधताना बरेच जण इथं फसतात. सगळे एमसीबी पाडले तरी आरसीसीबी उभा राहत नाही, मग ‘आरसीसीबीच खराब आहे’ असं ठरवलं जातं. साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल लिंकमधून सगळे न्यूट्रल जोडलेलेच असतात. न्यूट्रल आणि अर्थचा दोष असेल तर तो तसाच शिल्लक राहतो. मेन पाडून लिंकमधले न्यूट्रल एकेक सोडवा, ज्याच्यानंतर आरसीसीबी टिकेल ते सर्किट सापडलं. न्यूट्रलवर पहिल्याच दिवशी नंबरच्या चिठ्ठ्या लावल्या असतील तर हे काम निम्म्या वेळात होतं.

आणखी एक. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं आणि तो पडला, म्हणजे अर्थिंग ठीक, असा समज आहे. ते बटण अर्थिंगशिवायही चालतं. ते फक्त यंत्र जिवंत असल्याचं सांगतं. अर्थिंग वेगळं मोजायचं. आणि घरमालकाला ते बटण दाखवून, महिन्यातून एकदा दाबायला सांगून मगच घर सोडा. त्यालाही कळू द्या की फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर आरसीसीबीला काही कळत नाही, म्हणून उघडा जॉइंट हा उघडाच राहता कामा नये.

अर्थिंगचं आपल्या जिल्ह्यातलं दुखणं जमिनीगणिक वेगळं आहे. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना उत्तम. त्याच मातीला एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, माती प्लेटपासून सुटते आणि पावसाळ्यात २ ओहम दाखवणारा खड्डा उन्हाळ्यात कितीतरी पट दाखवतो. नेमका तेव्हाच कूलर चालू असतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं मुरूम आणि खडक. तिथं एका रॉडनं भागत नाही, दोन-तीन रॉड अंतर ठेवून समांतर जोडावे लागतात. तुम्ही कामाला तिकडंही जाता, म्हणून लिहितोय. कोळसा-मिठाचा खड्डा केलात तर त्याचं झाकण पेव्हिंग ब्लॉकखाली गाडू देऊ नका. पाणी घालायचं नळकांडं कुठं आहे, हे घरातल्या माणसांनाच माहीत नसतं.

जुन्या घरांत याहून वाईट. गावभागातल्या, मिरजेतल्या जुन्या वाड्यांमध्ये अर्थिंग पाण्याच्या लोखंडी नळाला बांधायची रीत होती. नळ जमिनीत गेलेला, त्यामुळं बऱ्यापैकी चालायचं. नंतर प्लंबर आला, गंजलेला नळ काढून प्लॅस्टिकचा पाइप टाकून गेला. त्या दिवशी घराचं अर्थिंग गेलं आणि कुणालाच पत्ता लागला नाही. उलट उरलेला लोखंडी तुकडा तसाच बांधलेला असेल, तर एका खोलीतला दोष दुसऱ्या खोलीच्या नळावर येतो. जुन्या घरात काम निघालं, अगदी पंखा बदलायला गेलात, तरी अर्थची वायर शेवटी कुठं जाते ते हातानं माग काढत बघा.

पुराबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फूट. पुन्हा जुलै २०२१. पाणी ओसरल्यावर आपण सगळ्यांनीच गाळ उपसला. तेव्हा बोर्ड उघडून, धुऊन, हेअर ड्रायरनं वाळवून पुन्हा चालू करून दिले गेले. माणसांना अंधार सहन होत नव्हता, ते मी समजू शकतो. पण त्यातले कितीतरी बोर्ड आजही तसेच भिंतीत आहेत. पुराचं पाणी पिलेला एमसीबी किंवा आरसीसीबी वाळवून चालत नाही. त्याच्या आतल्या पट्टीवर आणि स्प्रिंगवर गाळाचा थर बसतो. तो वर-खाली होईल, पण पडायच्या वेळी पडेल याची खात्री नाही. स्विच, सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी सरळ बदलायचे. पाइपातली वायर ५०० व्होल्टच्या मेगरनं तपासायची, १ मेगाओहमच्या खाली दाखवली तर ओढून काढायची.

पूररेषेतल्या घरात नवं काम करताना तीन गोष्टी आग्रहानं करा. भिंतीवर २०१९ ची खूण अजून दिसते, जमेल तिथं बोर्ड तिच्या वर घ्या. तळमजल्याची आणि वरच्या मजल्याची सर्किटं वेगळी करा, प्रत्येकाला आपापला आरसीसीबी द्या, म्हणजे पाणी चढायला लागलं की खालचा मजला पूर्ण तोडून माणसं वर थांबू शकतात. आणि इन्व्हर्टर. जिन्याखाली, जमिनीवर बॅटरी आणि वर इन्व्हर्टर, हे प्रत्येक घरातलं चित्र. पूर आला की महावितरण भागाचा सप्लाय बंद करतं, लोक निर्धास्त होऊन पाण्यात उतरतात. इन्व्हर्टर तेव्हाही तळमजल्याच्या सॉकेटला २३० व्होल्ट देत असतो. मेन पाडून तो थांबत नाही, उलट मेन पडला की तो सुरू होतो. त्याचा स्वतंत्र, हाताला लागेल असा स्विच बसवा आणि घरातल्या बाईमाणसांना, पोरांना तो चालवून दाखवा. जनरेटर जोडून द्यायची वेळ आली तर चेंजओव्हर स्विचशिवाय देऊ नका. उलटा सप्लाय लाइनवर गेला तर खांबावर आपलाच एखादा जनमित्र (लाइनमन) असतो.

रोजच्या कामातल्या काही गोष्टी भरभर सांगतो. गिझरला, एसीला ४ चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ च्या खाली नाही. ‘पडतो’ म्हणून १६ चा एमसीबी काढून ३२ चा लावला की भिंतीतली वायरच फ्यूज होते. थ्री पिनची जाड पिन लांब असते ती अर्थ सर्वांत आधी लागावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून; ती कापून टू पिनमध्ये बसवून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला स्पष्ट नाही म्हणा. उन्हाळ्यात टिल्लू मोटर दारात पाण्यात ठेवून चालवतात, तिची वायर जोड देऊन लांबवू नका. बादलीत रॉड टाकून पाणी तापवणारं घर दिसलं तर रॉड बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, एवढं दारात उभं राहून सांगा. आणि कपडे वाळत घालायची तार: लोखंडी तार सर्व्हिस वायरजवळून, पत्र्याच्या शेडला बांधलेली दिसली की स्वतः सोडा आणि नायलॉनची दोरी बांधायला लावा. यासाठी पैसे मिळत नाहीत हे खरं आहे. तरी सोडा.

पैशांचा विषय टाळत नाही. काम पॉइंटवर घेतलं जातं, पॉइंटचा रेट पाडून मागितला जातो, आणि रेट पाडला की पहिली हिरवी वायर जाते, कारण ती नसली तरी दिवा लागतो. पोट तुम्हालाही आहे. म्हणून माझं म्हणणं आहे की अर्थची वायर, अर्थिंगचा खड्डा आणि आरसीसीबी हे पॉइंटच्या रेटमधून बाहेर काढून बिलात वेगळ्या ओळीत लिहा. त्यावर घासाघीस करायची नाही, असं संघटनेत ठरवा. सगळ्यांनीच नाही म्हटलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाऊन काय करणार? घरगुती आरसीसीबी साधारण दोन हजारांच्या आसपास येतो. बाथरूमच्या टाइल्सवर लाखभर घालणाऱ्या मालकाला तो परवडत नाही, असं मला एकाही घरात वाटलेलं नाही. त्याला कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं. वर काढलेलं ते गणित त्याच्यासमोर कागदावर करून दाखवा, १८४ चा आकडा बघितल्यावर माणूस खिशात हात घालतो.

ज्या पोरांकडं परवाना नाही पण हातात कसब आहे, त्यांनाही सांगणं आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर घराची वायरिंग परवानाधारक ठेकेदारानं, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच करायची, असा नियम आहे. परीक्षा द्या, परमिट घ्या. तोवर ज्या ठेकेदाराच्या हाताखाली काम करता त्याला म्हणा, सर, सही करायच्या आधी एकदा घरी चला.

आणि ठेकेदारांनो, मेगर आणि अर्थ टेस्टर प्रत्येकाकडं असेल असं नाही. शहरात चहूकडं काँक्रीट, टेस्टरच्या खुंट्या ठोकायला जागा मिळत नाही, हेही मी जाणतो; तिथं लूप टेस्टरनं सॉकेटवरच मोजता येतं. तो महाग आहे. चार-पाच जणांनी मिळून एक घ्या आणि आळीपाळीनं वापरा. मोजलेला आकडा जसा येईल तसा रिपोर्टवर लिहा, तारीख टाका, एक प्रत डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवा, म्हणजे पुढच्या वायरमनला आणि घरमालकाला तो बघता येईल. आकडा वाईट आला तर खड्डा सुधारून घ्या, मग सही.

सुरुवात सांगलीवाडी, गावभाग, शामरावनगर अशा पाणी येणाऱ्या वस्त्यांपासून करा, आणि कृष्णा वाढायच्या आत करा. कुणाला मोजणीची पद्धत पुन्हा एकदा हातानं करून बघायची असेल, तर जुन्या विद्यार्थ्यांना माझं घर माहीत आहे. येताना मीटर घेऊन या.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, वायरमन ट्रेड
सांगली